जनरेटरची वही

ॲलनडेलच्या वरच्या अंगाला, जिथे विजेचे खांब
दमून माघारी फिरतात,
तिथून पुढे पावणेदोन मैलांवर आमचं शेत.
शेत म्हणजे गवत, दगडी बांध, एकशे चाळीस मेंढ्या,
आणि गोठ्याच्या छपरावर सोळा पॅनेल,
दक्षिणेकडे तोंड करून,
कुणी पाहुणा येणार असल्यासारखी.

पाहुणा पाच दिवस फिरकलेला नाही.
नुसतं धुकं. साडेआठला उजाडल्याचं नाटक,
साडेतीनला पडदा.

मीटरवर सत्तेचाळीस पॉइंट एक.
बॅटऱ्या बोलत नाहीत, पण मला कळतं.
आधी इन्व्हर्टरचा आवाज बसतो,
मग विहिरीचा पंप दम खात ओढू लागतो.
मी फ्रीजर बंद केला. मग वायफाय. मग घरातले सगळे दिवे.
गोठ्यातला तांबडा दिवा तेवढा ठेवला,
कारण त्याच्याखाली दोन कोकरं आहेत,
जी खरं तर एप्रिलमध्ये यायची.
ऑगस्टात मिसेस चार्लटनचा मेंढा बांधावरून उडी मारून आला,
त्याचा हिशेब जानेवारीत लागतोय.

बाबा गंगाखेडच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते.
म्हणायचे, लाइट जात नसते गं,
कुणीतरी बंद करतं.
वरून फोन आला की आमच्याच गल्लीचा फीडर
ते स्वतःच्या हाताने पाडायचे.
आणि तिकडे घरी आई, अंधारात, डाळ ढवळता ढवळता:
गेली बघ. ह्यांची ड्यूटी दिसतेय.

इथे वरून फोन येत नाही.
वर कुणी नाहीच.
बंद करणारी मी, चालू करणारी मी,
आणि शिव्या कुणाला घालाव्यात
याचीही सोय नाही.

पहाटे पाच. उणे आठ.
जनरेटर शेडमध्ये, गोणपाटाखाली, म्हाताऱ्या बैलासारखा.
स्टार्टर फिरतो, फिरतो, खोकतो,
आणि गप्प.
टॉर्च मारून फिल्टरची काचेची वाटी पाहिली:
कोकमाच्या सरबतासारखं लाल डिझेल
तळाशी मेणासारखं थिजलेलं.
जूनमध्ये भरलं होतं. तेव्हा स्वस्त होतं.
जूनमध्ये दहा वाजेपर्यंत ऊन असतं इथे,
जूनमध्ये कुणाला जनरेटर आठवतो.

गॅसवर किटली ठेवली.
गरम पाण्यात फडकं बुडवून फिल्टरला गुंडाळलं,
पुन्हा, पुन्हा, तापलेल्या पोराच्या कपाळावर
पट्ट्या ठेवाव्यात तसं,
फक्त उलटं: ताप यावा म्हणून.
बोटं पहिल्यांदा भाजली, मग नुसतीच बधिरली.

धुक्यातून एक दिवा हलत आला.
क्वाडबाईकवर मिसेस चार्लटन, वय एक्क्याऐंशी,
नाइटगाऊनवर ओव्हरकोट,
मांडीत वीस लिटरचा कॅन.
हिवाळी डिझेल.
म्हणाल्या, तुझी खिडकी काळी दिसली.
मेंढ्याबद्दल एक अक्षर नाही.
मीही काढलं नाही.

दोघींनी मिळून जुनं उपसलं, नवं ओतलं,
हवा काढली. चौथ्या खेपेला
शेडच्या पत्र्यांसकट सगळं थरथरलं.
तो आवाज! उन्हाळ्यात ज्याला मी
डोकेदुखी म्हणते.
एकोणपन्नास. पन्नास पॉइंट सहा.
आकडे चढताना पाहत उभ्या राहिलो,
दुधावर साय धरताना पाहावं तशा.
गोठ्यात तांबड्या दिव्याखाली एक कोकरू उठलं,
पाय चुकीच्या क्रमाने लावत,
आणि पडलं, आणि उठलं.

मग वही काढली. रकाने बाबांचेच आखलेले,
म्हणजे मी आखले, पण तसेच:
तारीख, व्होल्टेज, सुरू, बंद, डिझेल, शेरा.
सुरू पाच बावन्न. बंद आठ वीस.
शेऱ्याच्या रकान्यात ते एकतीस वर्षं
एकच शब्द लिहीत आले: निरंक.
ज्या रात्री ट्रान्सफॉर्मर जळाला
त्या रात्रीही, सवयीने, आधी निरंक,
मग खोडून बाकीचं.

मी पेन तोंडात फुंकून गरम केलं.
लिहिलं:
मिसेस चार्लटन यांचा कॅन परत देणे.
भरून.